शनिवार मुंबईकर मंडळाचा

पहाटे ५.४०, बोरिवली

नॅन्सी कॉलनीच्या एसटी स्टँडवर कोकणातली रातराणी लागते तेव्हा ती अर्धी रिकामी झालेली असते. पनवेलपासूनच माणसं उतरत आलेली असतात. उरलेल्यांच्या पिशव्यांतून सुक्या मासळीचा वास येतो. मला घ्यायचंय फक्त एक खाकी पाकीट. गावातला एक मुलगा कामावर परत येत होता, त्याच्या हाती सरपंचबाईंनी ते दिलंय. आत ग्रामपंचायतीच्या ठरावाची नक्कल, एक सातबारा, नळपाणी योजनेच्या पंपाचे दोन फोटो आणि विजेचं थकलेलं बिल. सोबत न मागता आलेली आमसुलांची पुरचुंडी.

गाव संगमेश्वर तालुक्यातलं, नदीकाठच्या उतारावर वाड्यावाड्यांनी पसरलेलं. नाव सांगत नाही. आज संध्याकाळी सभा आहे, आणि सभेतलं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही असा आमचा रिवाज आहे, जो कुणीच पाळत नाही. मी या गावाच्या मुंबई मंडळाचा चिटणीस. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, साताऱ्याचं जावळी-पाटण, इकडच्या बहुतेक गावांचं मुंबईत असं मंडळ असतं. कित्येक मंडळं नुसती वही आणि शब्द यांवर चालतात. आमचं नोंदलेलं आहे. १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास. म्हणजे वर्षाला हिशेबतपासणी, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, आणि त्यासाठी वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेपा.

रिक्षात बसून मोबाइलच्या उजेडात सातबारा बघतो. रस्त्यालगतचा छोटा तुकडा. गावाच्या वेशीवर कमान बांधायची ती इथे. खातेदार २१, त्यातले निम्मे वारलेले. कोकणात बांधकामाला सिमेंटच्या आधी वारस गोळा करावे लागतात. एकाची सून विरारला, दुसऱ्याचा नातू पुण्याला, तिसऱ्याचा पत्ताच नाही. प्रत्येकाचं संमतीपत्र हवं.

ठरावात मात्र कमानीचा उल्लेखही नाही. ग्रामसभेने लिहिलंय की पाणी योजनेच्या देखभालीसाठी मुंबई मंडळाने कायमची काही तरतूद करावी.

सकाळी ७.१५, घरी

चहा होईपर्यंत वर्गणीची वही. वर्षाला घरटी १२०० रुपये, म्हणजे महिन्याला १००. पूर्वी खजिनदार रविवारी खांद्याला पिशवी लावून खोलीखोलीतून फिरायचे, चहा पिऊन पावती फाडायचे. आता पैसे मोबाइलवर येतात आणि कुणाचे आले ते शोधण्यात माझी सकाळ जाते. एकाचं खातं ‘शिवभक्त एमएच ०८’ या नावाचं. दुसऱ्याने मेहुण्याच्या मोबाइलवरून पाठवलेत. तिसऱ्याने १२०१ पाठवलेत, एक रुपया देवाचा. ग्रुपवर विचारलं की कुणाचे हे, तर बारा जण सुप्रभात म्हणतात.

तरी प्रत्येक पैशाला नाव आणि वाडी लावून पावती द्यायचीच, यावर मी अडून असतो. १०० रुपये महिना देणारा माणूस वार्षिक सभेत उभा राहून मंडपवाल्याला किती दिले ते विचारतो. त्याच्या मागे बसलेला त्याला खाली ओढतो, पण प्रश्न इतिवृत्तात जातो. पाच लाख देणारा हिशेब मागत नाही. त्याला फरशी हवी असते, काळ्या ग्रॅनाइटची, सोनेरी अक्षरांत. आमच्या गावात अशा फरश्या भरपूर आहेत. देवळाला आहे, सभामंडपाला आहे, रंगमंचाला आहे, शाळेच्या वाढीव खोलीला आहे. खोली झाली त्या वर्षी शाळेत पुरेशी मुलं होती. आता चौथीपर्यंत मिळून एका बाकावर बसतील एवढी आहेत.

हे काही आमच्याच गावाचं नाही. २० पेक्षा कमी पट असलेल्या १४ हजार ७८३ शाळा राज्यात असल्याचं २०२३ मध्ये शिक्षण खात्याने समूह शाळांचा विषय काढला तेव्हा पुढे आलं. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. मंडळाच्या कारभारात इतकी वर्षं काढल्यावर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि आज तेच सभेपुढे मांडायचंय.

सकाळी ८.३२, चर्चगेट स्लो

डब्यात आमचा कंपू आहे, सगळे आजूबाजूच्या गावांचे. दिंडोशीला राहणारा एक साखरप्याकडचा, एक लांज्याचा, एक राजापूरचा. विषय शिमग्याचा. पालखी कधी घरी येणार, रजा मिळणार का, गाड्या बुक झाल्या का. प्रत्येकाच्या मंडळाचं काही ना काही अडलेलं. राजापूरवाल्यांचं नाटक अडलंय. पूर्वी निधी जमवायचा म्हणजे परळचं दामोदर नाट्यगृह, शक्ती-तुऱ्याचा सामना, तिकिटं गावागावांत वाटून द्यायची. ते नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झालं. आता बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे किंवा मुलुंडचं कालिदास. भाडं परवडत नाही आणि लालबागचे म्हातारे इतक्या लांब येत नाहीत.

या सगळ्याचं मूळ लालबाग-परळच्या खोल्यांत आहे. गिरण्यांच्या काळात गावकीच्या खोल्या असत. दहा बाय बाराची खोली गावाच्या नावावर, भाडं सगळ्यांत वाटलेलं, पाळ्यांप्रमाणे झोपायचं, खाणावळीत जेवायचं, नवा पोरगा आला की त्याला त्याच खोलीत टेकायला जागा. गोंयकारांचे कूड तसेच. धोबीतलावच्या जेर महालात गावागावांचे क्लब आणि बोटीवरून उतरलेले खलाशी. खोलीच्या पेटीत चार आणे, आठ आणे पडत. त्यातून कुणाचं मयत, कुणाचं तिकीट, आणि उरलं तर गावचं देऊळ. सरकारने गावात काही करायच्या आधी या पेटीने केलं. विहिरीचा कठडा केला, साकव केला, शाळेची कौलं घातली.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यातले कित्येक परत आत गेलेच नाहीत. खोल्या विकल्या गेल्या. माणसं घाटकोपरच्या डोंगरावर, मग नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूर अशी पांगली. पेटी मात्र पांगली नाही, ती कुणाच्या तरी घरी कपाटात राहिली. माझ्या मते कोकणच्या अर्थकारणातली ही सगळ्यात कमी लिहिली गेलेली गोष्ट आहे.

तिकडे गावाकडे माणूस कमी होत गेला. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्गही घटला. देश वाढत असताना हे दोन जिल्हे आकसले. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. कारण उघड आहे, पुरुष या डब्यात उभे आहेत.

अंधेरी. धक्का मारून उतरावं लागतं.

सकाळी १०, एमआयडीसी

माझी पगाराची नोकरी एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या हिशेब खात्यात. शनिवारी दुपारी अडीचपर्यंत. येणी, देणी, जीएसटी. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त एवढंच की प्रिंटर चांगला आहे आणि मंडळाची पत्रं जेवणाच्या सुट्टीत निघतात.

दुपारी १.१५, कॅन्टीन

कंपनीत सीएसआर बघणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांना पंपाचे फोटो दाखवले. त्या भल्या आहेत, पण नियमाने बांधलेल्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यायचे. घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी, १२ए आणि ८०जी हवं, तीन वर्षांचा कामाचा दाखला हवा. यातलं बरंचसं आम्ही जमवूही. पण त्यांचा पुढचा प्रश्न असतो तो प्रकल्प कधी संपणार याचा.

“पंप संपत नाही हो मॅडम, पंप चालू राहतो.”

“मग तो आमच्यात बसत नाही. नवी टाकी बांधायची असेल तर सांगा.”

टाकी आहे. जलजीवन मिशनमध्ये झाली. त्या योजनेत गावातल्या कामाच्या खर्चाचा वाटा लोकवर्गणीतून भरायचा असतो, डोंगराळ भागात ५ टक्के, इतरत्र १०. आमच्या गावाचा वाटा मंडळाने भरला. टाकीवर रंगवलेलं आहे, नळ दारात आलेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एप्रिलमध्ये बायका घागर घेऊन नदीच्या डोहावर जातात, कारण मोटार जळली की ती भरून आणायला पैसे नसतात, आणि वीज कापली की मोटार असून उपयोग नसतो.

जगात यावर उपाय शोधलेला आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात १९१४ मध्ये फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकवाल्याने एक कल्पना लढवली. मेलेल्या श्रीमंतांच्या वेगवेगळ्या न्यासांपेक्षा गावाची एकच ठेव असावी, मुद्दल कायम ठेवावं, आणि व्याज कुठे लावायचं ते त्या त्या काळातल्या गावच्या माणसांनी ठरवावं. अशा कम्युनिटी फाउंडेशन पुढे अमेरिकेत गावोगाव झाल्या. मुंबईतही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट निघाला, पण त्याचं काम शहरासाठी. खेड्याच्या ठेवीचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आपल्याकडे परंपरा आहे ती गोळा करून लगेच खर्च करण्याची. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, तिची वसतिगृहं घराघरातल्या मूठमूठ धान्यावर चालली. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ पासूनची, तिचं नावच त्या मुठीवरून. मूठ रोज भरावी लागते. भरणारे हात गावात असतात तोवर ते चालतं.

मॅडम म्हणाल्या, “कल्पना चांगली आहे. पण आमच्याकडून ठेवीला पैसे देता येत नाहीत.” डबा संपला.

दुपारी ३.१०, मेट्रो आणि मुलुंड

अंधेरी ते घाटकोपर मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि मंडळाच्या सभांची हजेरी वाढली. हे मी गमतीने म्हणत नाही. पश्चिम उपनगरातला माणूस बस बदलत, साकीनाक्याला अडकत सभेला यायचा तेव्हा विषय क्रमांक चार चालू असायचा.

मुलुंडला पावती पुस्तकं छापायला टाकलीत. छापखानेवाले शेठ कच्छी. त्यांच्या गल्ल्यामागे गावच्या महाजनाचं, म्हणजे त्यांच्या गावमंडळाचं, कॅलेंडर. कच्छी विसा ओसवाल लोकांच्या गावोगावच्या महाजनांचा मुंबईत कारभार असतो, आणि मुलुंड-घाटकोपर म्हणजे त्यांचं दुसरं कच्छच. मी विचारलं, तुमच्या गावात राहतं कोण? शेठ हसले. “म्हातारे आणि गायी.” पण पांजरापोळ चालते, दवाखाना चालतो, भोजनशाळा चालते. २००१ च्या २६ जानेवारीच्या भूकंपात घरं पडली तेव्हा पहिली मदत मुंबईहून गेली, कारण यादी तयार होती, कुणाचं घर कुठे ते माहीत होतं.

“आणि पैसा?”

“ठेव असते. तिथी लिहून देतात. बापाच्या नावाची एक तिथी, त्या दिवसाचा चारा त्या ठेवीच्या व्याजातून. मुद्दलाला हात नाय लावायचा.”

आमच्यात आणि त्यांच्यात फरक पैशाचा आहे हे मान्य, पण तेवढाच नाही. त्यांनी चाऱ्याला नाव देण्याची सोय करून ठेवली. चारा रोज संपतो तरी नाव दरवर्षी त्या तिथीला वाचलं जातं. आमच्याकडे नाव लागतं ते फक्त न हलणाऱ्या वस्तूला.

पावती पुस्तकं वर्तमानपत्रात बांधून घेतली. शेठनी शंभरेक रुपये कमी केले आणि ते आपल्या धर्मादाय खात्यात टाका म्हणाले. पावती फाडून दिली. घ्यायला कां-कूं करत होते, पण दिली.

दुपारी ४.४५, घाटकोपर, पंतनगर

आता खरं काम. तात्या.

तात्या गिरणीत जॉबर होते, संपानंतर सुरक्षारक्षक झाले, आणि त्याच्याही आधी कधीतरी पंतनगरच्या म्हाडा वसाहतीत त्यांनी खोली घेऊन ठेवली होती. वसाहतीच्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला गेल्या. आज तात्या चौदाव्या मजल्यावर राहतात, हॉलला मोठी खिडकी, खिडकीतून विमानं. खोलीची किंमत त्यांनी आयुष्यात कमावलेल्या सगळ्या पगारापेक्षा कैकपट झाली. त्यांनी मंडळाला पाच लाख कबूल केलेत. अट एकच, गावाच्या वेशीवर कमान, वर आईवडिलांचं नाव.

अशा वेळी नेब्रास्काची आठवण येते. तिथल्या शेतीवाडीच्या छोट्या गावांतून मुलं शहरात गेली. म्हातारे वारले की जमीन-पैसा वारसांबरोबर शहरात जातो आणि गावाला काही उरत नाही. १९९३ मध्ये निघालेली नेब्रास्का कम्युनिटी फाउंडेशन लोकांना सांगते की मृत्युपत्रात पाच टक्के गावाच्या ठेवीला लिहा. आपल्याकडे चित्र उलटं आहे. संपत्ती गावात नव्हतीच, ती घाटकोपरच्या एका खोलीत तयार झाली. तात्यांनंतर ती मुलाकडे जाईल, मुलगा आयटीत, त्याने गाव गणपतीत पाहिलंय. तात्यांची पिढी ही पैसा आणि गाव दोन्ही हातात असलेली शेवटची पिढी. पुढची दहा-पंधरा वर्षं गेली की मागायला कुणी उरणार नाही.

वहिनींनी पोहे दिले. मी थेट विषयाला हात घातला.

“तात्या, तुमच्या टॉवरला लिफ्ट किती?”

“तीन हायत. का?”

“बिल कोण भरतो? मेन्टेनन्स तर तुम्हाला परवडत नव्हता म्हणालात.”

“बिल्डरनं कॉर्पस दिलाय ना सोसायटीला. त्याच्या व्याजावर निगतं बरंचसं.”

“आणि बिल्डरने कॉर्पस न देता गेटवर मोठी कमान बांधून दिली असती तर?”

तात्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “लय शाना हायस.” पण हसले.

हिशेब मांडला. पाच लाखांची मुदत ठेव, सात टक्के धरले तर वर्षाला ३५ हजार. विजेच्या बिलाचा मोठा भाग निघतो, वर मोटारीसाठी थोडे बाजूला राहतात. पाणी सोडणाऱ्याचं मानधन त्यात बसत नाही हेही सांगितलं. महागाईने हे ३५ हजार दहा वर्षांत बारीक होतील हेही. व्याजातला थोडा वाटा दरवर्षी मुद्दलात परत टाकला तरच ठेव टिकते. ठेव ठेवायची तर शेड्यूल्ड बँकेत किंवा कायदा सांगतो तिथेच. आणि तात्यांनी स्वतःच्या सहीने लिहून द्यायला हवं की ही रक्कम कायम निधीची आहे. तसं पत्र नसेल तर प्राप्तिकराच्या लेखी ती साधी देणगी ठरते आणि पुढचं कुठलंही कार्यकारी मंडळ ती एका शिमग्यात उडवू शकतं. पत्र मी कंपनीच्या प्रिंटरवर काढून आणलेलं होतं.

तात्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“आईबापाचं नाव कुठं?”

या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. निधीला त्यांचं नाव देऊ म्हटलं, अहवालात दरवर्षी छापू म्हटलं. तात्यांना कागदावरचं नाव पुरेना. आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नाही. ज्या बाईने डोक्यावर आंब्याच्या पाट्या वाहून पोराला मुंबईच्या बोटीत बसवलं, तिचं नाव रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावं असं वाटणं यात हाव नाही. आम्ही सुधारणावाले देणगीदाराच्या फरशीला हसतो, ते जरा जास्तच हसतो.

वहिनी आतून म्हणाल्या, “एसटीच्या थांब्यावर सावली न्हाय. म्हातारी माणसं उन्हात उभी ऱ्हातात देवरुखला दवाखान्याला जायला.”

तिथेच ठरलं. चार लाख कायम निधी, एक लाख थांब्यावर निवाराशेड, शेडवर नाव. शेडही सातबारावरच्या त्याच तुकड्यावर येते, त्यामुळे २१ खातेदार आणि त्यांचे वारस चुकत नाहीत. तात्यांनी पत्रावर रक्कम खोडून सही केली. खोडलेलं पत्र बँकेत चालणार नाही, नवीन आणावं लागेल. ते सांगायची ही वेळ नव्हती.

संध्याकाळी ६.३०, भटवाडी

हॉल एका सोसायटीचा, तासावर भाड्याने. सतरंज्या, दोन पंखे, देवीचा फोटो, हार. गाऱ्हाणं झालं. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायला अर्धा तास, कारण एका वाडीप्रमुखाचं नाव दुसऱ्यानंतर आलं होतं. गावात पालखीचा मान ज्या क्रमाने, त्याच क्रमाने इतिवृत्तात नावं यायला हवीत. मुंबईत पन्नास वर्षं काढलेली माणसं यावर उभी राहून बोलतात.

मग तात्यांचं पत्र. टाळ्या. कमानवाले गप्प बसले नाहीत. शेजारच्या गावाने कमान बांधलीय, आपलं गाव काय उघडं आहे, असा मुद्दा. एकाने व्याजाच्या भानगडीवर शंका काढली. ठेव मोडून कुणी पळालं तर? प्रश्न रास्त होता. खजिनदारांनी सांगितलं की ठेव तिघांच्या सह्यांशिवाय मोडणार नाही, मोडायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, आणि पावतीचा फोटो दर एप्रिलला ग्रुपवर येईल. यावर शांतता झाली.

सरपंचबाईंना फोन लावला, स्पीकरवर. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या, मागच्या निवडणुकीत राखीव जागेवर निवडून आल्या. सुरुवातीला त्या गावकीत बोलत नसत. आता बोलतात.

“ठेव करताय ते चांगलं,” त्या म्हणाल्या. “पण एक विचारू का? गावातली निम्मी घरं कुलूपबंद हायत. नळ सगळ्यांना दिलाय. पाणीपट्टी कोण भरतं? जे हितं ऱ्हातात ते. तुम्ही गणपतीत येता, दहा-बारा दिवस टाक्या भरभरून पाणी वापरता आणि जाता. तुमच्या बंद घरांची पाणीपट्टी आली तर त्या ठेवीची निम्मी गरज मिटंल.”

हॉलमध्ये खोकल्याखेरीज आवाज नाही.

हे बरोबर होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. मुंबईकर मंडळ गावावर उपकार करतं असं आम्ही अहवालात छापतो, अध्यक्ष सत्कार घेतात, आणि गावातला माणूस आमच्या अहवालात फक्त ‘ग्रामस्थांचे सहकार्य लाभले’ या ओळीत येतो. निर्णय घाटकोपरला, राबणं गावाला. मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या गावमंडळांचंही असंच झालं होतं. झाकातेकास प्रांतात सुरू होऊन पुढे देशभर गेलेल्या योजनेत मंडळाच्या एका डॉलरमागे केंद्र, प्रांत आणि नगरपालिका असे तीन डॉलर घालत. रस्ते झाले, चौक झाले, चर्चची डागडुजी झाली. काय बांधायचं ते बऱ्याचदा लॉस एंजेलिसमध्ये बसून ठरे. काही वर्षांपूर्वी सरकारने पैसा थांबवला आणि योजना संपली.

पाणीपट्टीचा ठराव गोंधळात मंजूर झाला. वर्गणीसोबतच बंद घराची वर्षाची पाणीपट्टी मंडळाने घ्यायची आणि ग्रामपंचायतीत एकरकमी भरून पावत्या वाटायच्या. तिघांनी विरोध नोंदवला. त्यातला एक म्हणाला की नळ तोडून टाका माझा. त्यालाही इतिवृत्तात घेतलंय.

शाळेचा विषय आला तेव्हा साडेआठ झाले होते. संगणक द्यावा असं एकाचं म्हणणं. मुलंच नाहीत तर संगणक कुणाला, असं दुसऱ्याचं. मुलं शेजारच्या गावी गेली तर गाडीचा खर्च द्यावा का, यावर तिसऱ्याने रडवेल्या आवाजात सांगितलं की शाळा बंद झाली तर वाडीत दिवसभर आवाजच राहणार नाही. विषय पुढच्या सभेला ठेवला. तो तिथेही सुटणार नाही. पैशाने सुटणाऱ्या गोष्टींच्या यादीत तो बसत नाही, आणि आमच्या हातात पैशापलीकडे फारसं काही नाही.

शेवटचा विषय सहीचा. खात्यावर तीन सह्या चालतात. अध्यक्षांची दृष्टी गेलीय, उपाध्यक्ष मुलाकडे बंगळुरूला गेले. नवा विश्वस्त हवा. तरुण मुलं हात वर करत नाहीत. एका काकांनी उगाच म्हटलं, “माझी पुतणी आहे, मुलुंडला नर्स आहे, वर्गणी वेळेवर देते.”

“ती लग्न होऊन गेली. तिचं गाव आता दुसरं.”

माहेरवाशीण. देवीची ओटी भरायला येते, सभामंडपाला पंखे तिनेच दिलेत, पण मंडळाच्या यादीत घर मोजलं जातं ते बापाचं, मग भावाचं. मी मंडळाची घटना काढली. सभासद कोण याच्या कलमात लिहिलंय, ‘गावचा मूळ रहिवासी व त्याचे कुटुंबीय’. लग्न झालेली मुलगी कुटुंबीय नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. साठ वर्षांपूर्वी ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्या मनात ते नसणार, पण कायदा मनावर चालत नाही. एका म्हाताऱ्या आत्याने, जी सभेला फक्त चहा करायला आली होती, दारातून सांगितलं, “मंग आमी एवडी वर्सं वर्गणी कशाला दिली?”

मतदान घ्यावं लागलं नाही.

रात्री ९.४०, घाटकोपर मेट्रो

जमलेली रोख खजिनदारांकडे, सोमवारी बँकेत. पाकीट माझ्याकडे, पावती पुस्तकं पाठीवर. आता यादी. तात्यांचं पत्र नव्याने छापणं, संमतीपत्रांचा मसुदा, बदल अर्जाला ठरावाची प्रत, वारसांचे फोन नंबर. ग्रुपवर कमानीवाल्यांनी शेजारच्या गावाच्या कमानीचा फोटो टाकलाय, खाली एकवीस अंगठे.

असल्फा सुटलं तेव्हा मुलुंडच्या ताईला फोन लागला. ती वॉर्डात होती, मागे कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणत होतं. काकांनी आधीच सांगितलं होतं तिला.

“दादा, मला नक्की काय करावं लागेल?”

“पॅन, आधार, दोन फोटो. बँकेत सहीचा नमुना. धर्मादाय कार्यालयाच्या अर्जावर सही. आणि वर्षातून एकदा सगळ्यांसमोर हिशेबाला उभं राहायचं.”

“हिशेब मी स्वतः बघणार हां. नुसती सही करणार नाही.”

“बघ ना.”

“बँक सोमवारी? सोमवारी माझी दिवसपाळी आहे. मंगळवारी अकराला चालेल का?”

खजिनदारांना विचारून सांगतो म्हटलं.